वीस एकरांचं म्बाऊ आणि फिजीची सरदारसभा

२४ मे २०२३ रोजी फिजीची सरदारसभा पुन्हा भरली. तिचं तिथलं नाव ‘म्बोसे लेवू वाकातुरांगा’. लष्करप्रमुख फ्रँक बैनीमरामा यांनी सत्ता बळकावल्यावर २००७ मध्ये ती स्थगित केली आणि मार्च २०१२ मध्ये हुकूम काढून बरखास्तच करून टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये सितिवेनी राबुका यांचं आघाडी सरकार आलं आणि त्याने ती परत आणली. बैठकीला राजधानी सुवामध्ये जागेची वाण नव्हती. तरी निवड झाली म्बाऊची. विती लेवू या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेलं हे बेट जेमतेम वीस एकरांचं. ओहोटीला प्रवाळाच्या उथळ पट्ट्यावरून चालत पोचता येईल इतकं किनाऱ्याला जवळ. शेती करावी म्हटलं तर जागा नाही.

या निवडीमागे एक दावा आहे: फिजीतल्या सत्तेचं मूळ इथे आहे, आणि सरदारांचा अधिकार अनादि आहे. त्यातला पहिला भाग बराचसा खरा, दुसरा नाही. सभा तर परत आली. आता तिला राष्ट्राध्यक्ष नेमण्याचे, वरिष्ठ सभागृहात माणसं बसवण्याचे, जमिनीचे कायदे अडवण्याचे जुने अधिकारही परत द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर म्बाऊच्या इतिहासातच सापडतं. सभा असावी, पण राज्ययंत्रणेतले अधिकार तिला देऊ नयेत. म्बाऊच्या सरदारांची ताकद जेव्हा अस्सल होती, तेव्हा ती गमावताही येत होती. कायद्याच्या कागदावर उतरली तेव्हापासून ती गमावता येईनाशी झाली, आणि बिघाड तिथूनच सुरू झाला.

म्बाऊचे राज्यकर्ते मूळचे या बेटावरचे नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ते समोरच्या किनाऱ्यावरून इथे उतरले आणि आधीपासून राहणाऱ्या दर्यावर्दी कुळांना त्यांनी हुसकावलं. त्यांतले लेवुका लोक पार पूर्वेला लाऊ द्वीपसमूहातल्या लाकेम्बापर्यंत गेले, म्बुतोनी इतर बेटांवर पांगले. पुढे म्बाऊवर तीन वस्त्या नांदल्या: खुद्द म्बाऊ, आणि मच्छीमार-लढवय्यांच्या लासाकाऊ व सोसो. गाद्या दोन होत्या. ‘रोको तुई म्बाऊ’ हा पवित्र राजा, धर्मकृत्यांचा धनी. ‘वुनिवालू’ हा युद्धाचा धनी. मान पहिल्याचा मोठा. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वुनिवालू नाउलिवोऊ याने पवित्र राजाला बाजूला सारलं आणि त्यानंतर खरी सत्ता युद्धाच्या गादीकडे राहिली. अनादि परंपरेचा दाखला देताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या गादीपुढे आज फिजी मान तुकवतो, ती आपल्याच बेटावरच्या वडीलधाऱ्या गादीला डावलून वर आलेली आहे.

बेटावर पिकत काहीच नव्हतं, तरी त्याने आसपासच्या समुद्रावर जरब कशी बसवली? पिकत नव्हतं म्हणूनच, असं म्हणायला हरकत नाही. सुरण-अळूचे कंद, डुकरं, चटया, मीठ, सगळं बाहेरून यायचं, आणि येत राहावं यासाठी संबंध जपावे लागायचे. हे संबंध तीन तऱ्हांचे होते. काही गावं अंकित होती. त्यांच्याकडून मागून घेता येई. दुसरी ‘म्बाती’, म्हणजे सीमेवरची लढाऊ गावं. त्यांना हुकूम सोडता येत नसे. देवमाशाचा दात, ‘ताम्बुआ’, पुढे ठेवून विनंती करावी लागे आणि लढाईनंतर मेजवानी व भेटींनी परतफेड करावी लागे. परतफेड कमी पडली, मानापमान झाला, की म्बाती शत्रूकडून मोठा ताम्बुआ स्वीकारून मोकळे. तिसरा धागा ‘वासू’चा. बहिणीच्या मुलाला मामाच्या गावात हवं ते उचलायचा हक्क असे, आणि आई मोठ्या घराण्यातली असेल तर हा हक्क एका घरापुरता न राहता अख्ख्या प्रदेशावर चाले. म्हणून म्बाऊच्या सोयरिकी म्हणजे परराष्ट्र धोरणच होतं. वासूने हात जास्त मारला की मामाचं गाव फितूर व्हायचं, हा त्यातला कायमचा धोका.

या सगळ्यावर आरमार. ‘न्द्रुआ’ ही दोन सांगाडे जोडलेली मोठी शिडाची होडी शंभराहून अधिक माणसं नेई. ती बांधायला लागणारं ‘वेसी’चं टणक लाकूड लाऊकडच्या बेटांवर, आणि कारागीरही बरेचसे तिकडचेच, त्यांत टोंगाहून आलेले सुतार. म्हणजे म्बाऊच्या आरमाराचा कणाही परक्याच्या बेटावर घडत होता. बेटाची जागा मात्र नेमकी होती: दक्षिणेला रेवा नदीचं सुपीक मुख, पूर्वेला ओवालाऊ आणि कोरो समुद्रातली बेटं. होड्या ज्याच्या हाती, त्याला या सगळ्यांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवता येई.

बंदुकांबद्दल दोन शब्द, कारण लोकप्रिय इतिहास तिथेच अडकतो. १८०८ मध्ये ‘एलायझा’ हे जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेला चार्ली सॅव्हेज हा खलाशी म्बाऊच्या नोकरीत आला. १८१३ मध्ये वानुआ लेवूवर मारला गेला. त्याच्या बंदुकीनेच म्बाऊ मोठं झालं, असं सांगायची प्रथा आहे. त्यात अतिशयोक्ती फार. त्या काळची, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने पेटणारी बंदूक पावसाळी हवेत दगा देई, एक बार भरायला वेळ खाई, आणि तटबंदी-खंदकांनी वेढलेल्या गावापुढे पाच-दहा बंदुकांची मात्रा फार चालत नसे. खरा फरक पडला तो १८२० नंतरच्या समुद्रकाकडीच्या व्यापाराने. चीनच्या बाजारासाठी ही समुद्रकाकडी खडकांवरून गोळा करायची, साफ करून उकळायची आणि लांबलचक छपराखाली धुरी देऊन वाळवायची. एका ठाण्याला शेकडो माणसं लागत आणि लाकूडफाटा तर अखंड. इतकी माणसं राबवणं मोठ्या सरदारालाच जमायचं, आणि व्यापारी मोबदला बंदुका-दारूगोळ्यात देत. म्हणजे आधीच ज्यांची हुकमत होती त्यांच्याकडेच बंदुका गेल्या. बंदुकीने सत्ता निर्माण केली नाही; जिथे होती तिथे साठवली.

आणि तरीही ती डळमळत होती. नाउलिवोऊनंतर १८२९ मध्ये तानोआ गादीवर आला. १८३२ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला हाकललं. त्याचा मुलगा सेरू बेटावरच राहिला, लासाकाऊच्या लोकांना आतून फितवलं आणि १८३७ मध्ये एका रात्रीत बाजी उलटवली. तिथून त्याचं नाव थाकोम्बाऊ पडलं. या काळाला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. तानोआ १८५२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या पाच बायकांना प्रथेप्रमाणे गळा आवळून मारलं गेलं. मिशनऱ्यांची विनवणी कामी आली नाही. नरबळींची डोकी ज्या दगडावर आपटत, तो आज म्बाऊच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पात्र म्हणून वापरात आहे.

थाकोम्बाऊने १८४३ पासून शेजारच्या रेवा राज्याशी सुरू केलेलं युद्ध बारा वर्षं चाललं. १८५४ पर्यंत तो जवळजवळ संपला होता. म्बाती फिरले होते, ओवालाऊवरच्या लेवुका बंदरातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी रसद तोडली होती, चुलतभाऊ रातू (ही सरदारांची पदवी) मारा कापाइवाई शत्रूला जाऊन मिळाला होता. ३० एप्रिल १८५४ रोजी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याआधी टोंगाचा राजा जॉर्ज तुपोऊ याचं पत्र आलं होतं, आणि एप्रिल १८५५ मध्ये हाच राजा सुमारे दोन हजार टोंगन योद्धे घेऊन आला. काम्बाच्या लढाईत म्बाऊ जिंकलं ते या जोरावर. त्या विजयाची किंमत म्हणजे लाऊमध्ये टोंगन सरदार माआफूचं वाढलेलं बळ. पुढची वीस वर्षं थाकोम्बाऊला त्याचीच धास्ती होती.

दुसरी धास्ती कर्जाची. अमेरिकी व्यापारी प्रतिनिधी जॉन विल्यम्स याचं नुकुलाऊ बेटावरचं घर १८४९ मध्ये ४ जुलैच्या समारंभात आग लागून जळालं आणि सामान लुटलं गेलं. नुकसानीचा आकडा फुगत फुगत, इतरांचे दावे जोडत, चाळीस हजार डॉलरच्या वर गेला. वसूल कुणाकडून करायचा? अमेरिकी युद्धनौकांच्या कप्तानांना एकच देणेकरी हवा होता. त्यांनी थाकोम्बाऊला ‘तुई विती’, म्हणजे अख्ख्या फिजीचा राजा, ठरवलं आणि बिल त्याच्या हाती ठेवलं. या बिरुदाचा मोह त्यालाही होता. बिरुद घेतलं की बिलही आलं. १८५८ मध्ये त्याने देश ब्रिटनला देऊ केला, १८६२ मध्ये लंडनने नाही म्हटलं. १८६८ मध्ये मेलबर्नच्या पॉलिनेशिया कंपनीने दोन लाख एकर जमिनीच्या बदल्यात कर्ज फेडायचं कबूल केलं. त्या जमिनीत आजचं सुवा शहरही आलं, आणि तिथल्या बऱ्याचशा जमिनीवर म्बाऊची हुकमत मुळात नव्हतीच.

किती नव्हती, ते १८६७ मध्ये दिसलं. विती लेवूच्या डोंगराळ भागात गेलेले मिशनरी थॉमस बेकर मारले गेले. डोंगरातल्या लोकांच्या लेखी नवा धर्म म्हणजे म्बाऊचा पाय घरात शिरणं. सूड घ्यायला पाठवलेली थाकोम्बाऊची फौज हात हलवत परत आली. १८७१ मध्ये लेवुकाला गोऱ्या मळेवाल्यांच्या साथीने ‘फिजीचं राज्य’ स्थापन झालं, तीन वर्षांत दिवाळखोरीच्या कड्यावर आलं, आणि १० ऑक्टोबर १८७४ रोजी थाकोम्बाऊ, माआफू आणि इतर अकरा सरदारांनी सह्या करून देश ब्रिटिश राणीला दिला. डोंगरातल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी सिडनीहून परतलेल्या राजपरिवाराबरोबर गोवर आला, भेटीला जमलेल्या सरदारांनी तो गावोगाव नेला, आणि सुमारे ४० हजार माणसं दगावली. १८७६ मध्ये डोंगराळ भागाने शस्त्र उचललं, तेव्हा किनाऱ्यावरच्या सरदारांच्याच माणसांकरवी ते बंड मोडलं गेलं.

इथून पुढे म्बाऊचं हरणं बंद झालं.

पहिले स्थायी गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी देशी लोकांवर त्यांच्याच सरदारांमार्फत राज्य करायचं ठरवलं. प्रांतांवर सरदार नेमले, सरकारी पगार बांधले आणि १८७६ मध्ये सरदारसभेला अधिकृत रूप दिलं. प्रांतांची घडण पूर्वेकडच्या, म्बाऊ-रेवा-लाऊकडच्या धर्तीची होती. पश्चिमेकडे आणि डोंगरात समाज लहान लहान गटांचा, सरदार गावापुरता; त्यांच्यावरही हीच उतरंड बसवली. भाषेचं काम आधीच झालं होतं: मिशनऱ्यांनी बायबलसाठी म्बाऊची बोली निवडली, १८४७ मध्ये शेजारच्या विवा बेटावर नवा करार छापला, आणि तीच बोली पुढे शाळेची, कचेरीची ‘प्रमाण’ भाषा झाली. कुम्बुना, म्बुरेम्बासांगा आणि तोवाता अशा तीन महासंघांत सगळा देश बसवायची सवयही याच काळात पक्की झाली. कुम्बुनाचा शिरोमणी अर्थातच म्बाऊचा वुनिवालू.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ज्या १८७४ मध्ये म्बाऊने सही केली, त्याच वर्षी मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा, म्हणजे वतनांचा, कायदा झाला. वतन आधीही होतं, पण ते भांडणातून, ताकदीतून, राजाच्या मर्जीतून टिकायचं किंवा जायचं. सरकारी दप्तरात नोंदलं गेल्यावर पाटील नालायक निघाला तरी वतन शाबूत. म्बाऊचं तेच झालं. म्बातींना फितूर व्हायची सोय उरली नाही, कारण आता फितुरी म्हणजे सरकारविरुद्ध गुन्हा. १९१० च्या दशकात पश्चिमेकडच्या नांदी भागातल्या अपोलोसी नावाई या सामान्य घरातल्या माणसाने ‘विती कंपनी’ काढली. फिजीयनांनी आपला माल मधल्या दलालांशिवाय स्वतः विकावा, ही कल्पना. गावोगाव पैसा जमला. गोरे व्यापारी, सरकार आणि सरदार तिघेही एकदम बिथरले आणि १९१७ मध्ये त्याला दूर रोतुमा बेटावर धाडण्यात आलं. तो काही साधुपुरुष नव्हता. कंपनीच्या हिशेबात गोंधळ होते आणि पुढे त्याने स्वतःला जवळजवळ अवतार मानलं. पण शंभर वर्षांपूर्वी अशा माणसाने म्बाती फोडून एखादी गादी उलथवली असती. आता त्याला फक्त हद्दपारी होती.

गॉर्डन यांच्या व्यवस्थेची दुसरी बाजू भारतातून आलेल्या माणसांनी पेलली. देशी लोक गावातच राहावेत, जमीन विकली जाऊ नये, पण वसाहत तर चालली पाहिजे. मग ऊस कोण लावणार? १४ मे १८७९ रोजी कलकत्त्याहून निघालेलं ‘लिओनिडास’ जहाज ४६३ गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, घेऊन पोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं आली, बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश, बिहार आणि दक्षिण भारतातली. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ही प्रथा बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो पडला, पण प्रश्न मागे हटला नाही. १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करार रद्द झाले. उसाच्या मळ्यावर आणि गावाच्या सीमेवर दोन समाज शेजारी उभे राहिले, एकाकडे जमीन, दुसऱ्याकडे भाडेपट्टा.

जमिनीचं गणित जरा बारकाईने पाहावं लागेल, कारण सरदारसभेच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा तिथेच आहे. देशी जमीन विकता येत नाही. आज ती देशाच्या जमिनीच्या आठ-नऊ दशांश भागात मोडते. मालक व्यक्ती नसून ‘मातांगाली’ हा कुलगट. ही मालकी नोंदवणाऱ्या भूमी आयोगाची रीत अशी: गटातले जाणते लोक शपथेवर आपल्या पूर्वजांच्या स्थलांतराची हकिगत सांगत, शेजारचे गट उलटतपासणी करत, मग शीव फिरून हद्दी ठरत आणि प्रत्येक जिवंत सभासदाचं नाव मालकी-नोंदवहीत चढे. गफलत अशी की बऱ्याच भागात प्रत्यक्ष जमीन कसणारा गट मातांगालीहून लहान होता. नोंदीसाठी एकच मोजमाप हवं म्हणून सरदारसभेच्या सल्ल्याने मातांगाली ठरली, आणि आजचे कितीतरी वाद त्या निवडीतून आलेले आहेत.

या कामाला आयुष्य दिलं ते रातू सर लाला सुकुना यांनी. जन्म म्बाऊचा, शिक्षण ऑक्सफर्डचं, पहिल्या महायुद्धात फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये शौर्यपदक. काम्बाच्या लढाईत थाकोम्बाऊविरुद्ध उभा राहिलेला आणि १८५९ मध्ये म्बाऊवर फाशी गेलेला रातू मारा हा त्यांचा आजोबा. भाडेपट्टे प्रत्येक गटाने स्वतः न देता एका विश्वस्त मंडळाने द्यावेत, हे त्यांनी गावोगाव फिरून पटवलं. १९४० मध्ये कायदा झाला. म्हणूनच ‘सरदारी म्हणजे साहेबाचं बाहुलं’ एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांशीही माझं पटत नाही. पॅसिफिकमध्ये हवाईसारखी बेटं पाहिली, जिथे मूळ रहिवाशांची जमीन हातची गेली, तर या व्यवस्थेचं मोल कळतं.

पण पैसा कसा वाटला जाई, तेही पाहू. भाड्याच्या दर शंभर डॉलरमधून मंडळ पूर्वी २५ डॉलर खर्चापोटी कापे. उरलेल्या ७५ पैकी ५ टक्के सर्वांत वरच्या सरदाराला, १० टक्के मधल्याला, १५ टक्के मातांगालीच्या प्रमुखाला: अनुक्रमे पावणेचार, साडेसात आणि सव्वाअकरा डॉलर. बाकी साडेबावन्न डॉलर सगळ्या सभासदांत. गटात साठ माणसं असतील तर माणशी एक डॉलरही नाही. आणि वरचा सरदार एकट्या गटाचा नसे, अनेक गटांच्या भाड्यातला वाटा त्याच्याकडे गोळा होई. भाडंही कायद्याने मर्यादित, जमिनीच्या मूळ किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे सामान्य फिजीयनाला वाटे की भारतीय शेतकरी आपली जमीन फुकटात खातो, आणि शेतकऱ्याला वाटे की घाम आपला, पट्टा संपला की घर सोडायचं. तीस वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले तेव्हा हजारो ऊस-कुटुंबं उठली. मधला ३० टक्क्यांचा वाटा मात्र दोघांच्याही चर्चेत येत नसे. २०११ पासून बैनीमरामा सरकारने तो बंद केला आणि भाडं सर्वांत समान वाटायला लावलं. निर्णय हुकूमशाहीचा होता, तरी तो फिरवू नये. त्याचा एक तोटा खरा आहे: गावचं सभागृह, पाहुणचार, मर्तिक असा खर्च प्रमुखाच्या वाट्यातून व्हायचा, आता माणशी चिल्लर खात्यात जाते आणि सामायिक कामाला पैसा उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे गटाचा हिशेब तपासलेला सामायिक निधी. वाटा पुन्हा सरदाराच्या नावे करण्याने हा प्रश्न सुटत नाही.

आता राज्यघटना. १९७० च्या स्वातंत्र्यघटनेत २२ जणांच्या सिनेटमध्ये ८ जण सरदारसभेचे, आणि त्यांतल्या सहांनी होकार दिल्याशिवाय जमिनीच्या कायद्याला हात लावता येत नसे. १९९० च्या घटनेत ३४ पैकी २४ जागा सभेच्या, राष्ट्राध्यक्षही तिनेच नेमायचा, पंतप्रधान मूळ फिजीयनच. १९९७ मध्ये ३२ पैकी १४ जागा, राष्ट्राध्यक्षाची नेमणूक कायम. १९७० च्या मानाने अधिकार वाढले आणि त्याच प्रमाणात सभा बंडखोरांच्या कामाची झाली.

१९७७ ची गोष्ट घ्या. मार्च-एप्रिलच्या निवडणुकीत भारतीयांच्या नॅशनल फेडरेशन पार्टीला ५२ पैकी २६ जागा मिळाल्या. पक्षात नेतेपदावरून काही दिवस भांडणं झाली, आणि गव्हर्नर जनरलनी पराभूत रातू कामिसेसे मारा यांना पुन्हा पंतप्रधान नेमलं. हे गव्हर्नर जनरल म्हणजे रातू सर जॉर्ज थाकोम्बाऊ, खुद्द वुनिवालू. घटनेच्या शब्दांत त्यांचा निर्णय कदाचित बसतही असेल, आणि भांडणाचा दोष त्या पक्षाचाच. पण पंच म्हणून बसलेला माणूस एका बाजूच्या उतरंडीचा शिरोमणी असेल, तर निर्णय कितीही नियमात बसला तरी दुसरी बाजू तो मनापासून स्वीकारत नाही.

१४ मे १९८७ रोजी तेव्हा लेफ्टनंट कर्नल असलेल्या याच सितिवेनी राबुका यांनी डॉ. तिमोथी बावाद्रा यांचं सरकार उलथवलं. बावाद्रा मूळ फिजीयनच, पण पश्चिमेकडचे, आणि सरदारांच्या वरच्या वर्तुळाबाहेरचे. म्हणजे ‘भारतीयांचा धोका’ हे कारण जितकं खरं, तितकंच पूर्वेकडच्या घराण्यांच्या हातून सत्ता निसटणं हेही. सैन्याचे प्रमुख तेव्हा परदेशात होते: रातू एपेली नाइलातिकाऊ, थाकोम्बाऊंच्याच वंशातले. सरदारसभेने बंडाच्या हेतूंना पाठिंबा दिला, आणि पुढे सरदार नसलेले राबुका १९९९ मध्ये त्याच सभेचे अध्यक्ष झाले. २००० मध्ये जॉर्ज स्पाईटच्या टोळीने महेंद्र चौधरी यांच्या मंत्रिमंडळाला ५६ दिवस ओलीस ठेवलं. म्बाऊचे रातू जोपे सेनिलोली यांनी बंडखोरांचे राष्ट्राध्यक्ष म्हणून माणसांना शपथा दिल्या. त्यानंतर सरदारसभेने त्यांनाच देशाचे उपराष्ट्राध्यक्ष केलं, आणि २००४ मध्ये त्याच शपथांपायी ते तुरुंगात गेले. त्यांच्या जागी आले रातू जोनी मद्राइविवी, रोको तुई म्बाऊ, कायदेपंडित, मानवी हक्कांचे निर्भीड पुरस्कर्ते. एकाच वीस एकरांवरून एकाच पदावर पाठोपाठ ही दोन माणसं आली. वंश माणसाची जात सांगेल. तो राज्यघटना पाळेल का, ते सांगत नाही.

२००६ च्या बंडानंतर सभेने बैनीमरामांचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार नाकारला. उमेदवार पुन्हा हेच नाइलातिकाऊ. सभेचा ताठ कणा त्या दिवशी दिसला खरा, पण परिणाम काय? बैनीमरामांनी सभा स्थगित केली, सरदारांनी आंब्याखाली बसून हातभट्टी प्यावी असं हिणवलं, आणि २००९ मध्ये नाइलातिकाऊ राष्ट्राध्यक्षपदी बसलेच. नेमणुकीचा अधिकार ज्या सभेकडे असतो, तिला प्रत्येक बंडखोर एक तर वश करतो किंवा मोडतो. १९८७ ला वश केली, २००७ ला मोडली. तो अधिकारच नसता तर दोन्हींची गरज पडली नसती.

यावर आक्षेप येतो तो भीतीचा: सभेचा लगाम गेला की संसद उद्या जमीन विकायला काढेल. १९४६ च्या जनगणनेत भारतीय संख्येने पुढे गेले, तेव्हापासूनची ही भीती. पण १९८७ नंतरच्या स्थलांतराने चित्र पालटलं. २००७ च्या जनगणनेत मूळ फिजीयन सुमारे ५७ टक्के होते. २०१३ च्या घटनेतही देशी जमीन कायमची विकता येत नाही. संरक्षण हवं तर ते घटनेच्या कलमात आणि विशेष बहुमतात असावं. जमीन, मासेमारीचे किनारे आणि सरदारकीच्या गाद्या या तीन विषयांवरचं प्रत्येक विधेयक सभेकडे जावं, सभेने ठरलेल्या मुदतीत, समजा नव्वद दिवसांत, लेखी मत द्यावं, ते इंग्रजी, फिजीयन आणि हिंदी या तीनही भाषांत प्रसिद्ध व्हावं, आणि संसदेने ते डावललं तर कारणं नोंदवावीत. मुदत नसेल तर मत न देणं हाच नकाराधिकार बनतो. निवडणूक लढवणाऱ्या सरदाराने सभेची जागा आधी सोडावी. सभेचे हिशेब महालेखापालाने तपासावेत.

आणि सभेला स्वतःचं म्हणून एक मोठं काम आहेच: रिकाम्या गाद्या. रातू सर जॉर्ज १९८९ मध्ये वारले, त्यानंतर वुनिवालूची गादी तीन दशकं रिकामी होती, कारण तुई काम्बा कुळाच्या शाखांचं एकमत होईना. सर्वांत मानाच्या गादीची ही कथा, तर गावोगावच्या लहान गाद्यांचं काय होत असेल! गादी रिकामी असली की भाडेपट्ट्यांच्या बोलण्यांना, हद्दीच्या तंट्यांना, किनाऱ्याच्या परवानग्यांना गटाच्या वतीने बोलणारा माणूस नसतो. दोन दावेदार दोन वेगळ्या कंपन्यांना शब्द देऊन बसतात आणि प्रकरण आयोगापुढे वर्षानुवर्षं पडतं. रिकाम्या गाद्यांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करणं, कुळांना समेटासाठी मध्यस्थ देणं, दोन वर्षांत एकमत नाही तर गटाच्या प्रौढ सभासदांचं, बायकांसह, मतदान घेणं, हे सगळं सभा आजही करू शकते. त्यासाठी घटनेतला एक शब्दही बदलावा लागत नाही. सुरुवात कुम्बुनापासून करावी, कारण तिथला निकाल बाकीचे दोन महासंघ कान देऊन ऐकतात.